उलटा आरसा

पेटीतली पिशवी काढली आणि जवसाच्या तेलाचा, रंगांचा तो जुना वास आला. कलाशिक्षण घ्यायला मी परदेशी निघाले, तेव्हा आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावर याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ती आरसे लावून शिवली होती.

पहिल्याच महिन्यात आमच्या मॅडमनी ती वर्गाला दाखवली. एका आरशावर त्यांचं बोट थांबलं. तो उलटा लावलेला होता.

"हा असा का?"

मला कुठं ठाऊक! पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी ठोकून दिलं, "आमच्या बाया एक आरसा मुद्दाम उलटा लावतात. दृष्ट लागू नये म्हणून." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी याडीला फोनवर हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

"उलटा लागला का व?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "उजेड कमी होता, माय."

ती तर भर दुपारी अंगणात बसून शिवायची. मनात आलं, पण मी ते झटकलं.

दोन वर्षांनी पदवी घेऊन तांड्यावर उतरले. याडी रस्त्यावर येऊन थांबली होती. मी धावत जाऊन तिच्यापुढं उभी राहिले. तिनं मलाच विचारलं, "बाई, माही पोरगी उतरली का व गाडीतून?"