पहिलं दुपटं

आमच्या सासूबाई सुंदराबाई नव्वदीच्या पुढच्या. नक्की वय कुणालाच माहीत नाही. बारवी धरणाचं काम निघालं तेव्हा त्यांच्या कडेवर मूल होतं, तेवढा हिशोब. चामटोलीत बाळ जन्मलं की पहिलं दुपटं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या जुन्या लुगड्याचं शिवतात, तिचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. तो मान सासूबाईंचा होता.

मग पालेगावची गोदूआजी चामटोलीत नातवाकडे राहायला आली. धरणाच्या वेळी तिची थोरली लग्नाला आली होती, म्हणजे ती सासूबाईंहून मोठी निघाली. लोक तिकडे जाऊ लागले. सासूबाईंनी नाचणीची भाकरी वाढवली, सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या.

"आजी, वयात ओव्हरटेक होत नाही," माझा यज्ञेश हसला.

"माणसाला शेवट किती रे? काही हद्द?"

"त्यावर शास्त्रज्ञांचंच भांडण आहे. फ्रान्समधली एक बाई एकशे बावीस वर्षं जगली."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे गोदी अजून बसणार."

यज्ञेशच्या बायकोला, वैदेहीला मुलगी झाली, तेव्हा तिची आई सरळ म्हणाली, "दुपटं गोदूआजींच्या लुगड्याचं हवं." सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पणती माझी आहे. मीच मागून आणते." मी सोबत गेले.

गोदूआजी खाटेवर बसलेली, अंगात फुलाफुलांचा गाऊन.

"लुगडं कुठलं, सुंदरे? दुपट्यांसाठी लोकांनी सगळी नेली. नातसून म्हणते, गाऊन धुवायला बरा." ती यांच्या लुगड्याकडे बघत राहिली. काठ बोटात धरून म्हणाली, "तुला बरं नेसू देतात."

सासूबाईंनी घरी येऊन आपलं हिरवं, मऊ झालेलं लुगडं वैदेहीच्या आईपुढे टाकलं. "तिच्याकडे नाही. हे फाडा."

विहीणबाईंनी कात्री घेतली.

संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "गोदीला नेसवून ये. नातसून काही बोलली तर माझं नाव सांग."

मी नेसवून परत आले, तेव्हा त्या देवापुढे बसल्या होत्या. निरांजन लावलेलं. मला वाटलं, मन निवळलं. जवळ गेले तर हात जोडून पुटपुटत होत्या, "तिला आधी ने, असं मी म्हणत नाही, देवा. तिचं तिला जगू दे. पण तिच्यामागे मला थोडं ठेव. एक वर्ष तरी."