हिरव्या मुठीचा खोका

कार्गोवाल्याने माझ्या आईला फसवलं. १९९८ साली, दोह्यात बसून. आधी एवढं लक्षात ठेवा, मग पुढचं वाचा. कारण हा अनुभव मी ज्याला ज्याला सांगितला, तो शेवटी मलाच दोष देतो.

जिन, सावली, बाहेरचं — या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आमच्या राजापूरकडे प्रत्येक चिंचेखाली कोणी ना कोणी बसलेलं असतं. मी त्या चिंचांखाली झोपलोय, मला कोणी हाक मारली नाही. मी दोह्यात आलो तो गावी सामान पाठवणाऱ्या कार्गोच्या दुकानात खोके बांधायला. पुढे दोरी, टेप, पत्र्याच्या ट्रंका विकायचं स्वतःचं दुकान काढलं. सौदा करताना समोरच्याचा आवाज चढला की माझा त्याहून वर चढतो. असा माणूस भुताखेतात रमत नाही.

माझा धाकटा भाऊ अयूब मेसईदला वेल्डर होता. शुक्रवारी कंपनीच्या बसने दोह्याला यायचा, माझ्याकडे जेवायचा आणि संध्याकाळच्या बसने परत. आईला लिहितावाचता येत नाही, म्हणून तो तिला कॅसेट पाठवायचा. रूममधल्या टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवायचा — काय खाल्लं, कोणाशी भांडला, गावच्या फणसाला किती फणस लागले असतील... आई ती कॅसेट शेजारणींना बसवून ऐकवायची.

एके दिवशी तो क्वार्टरमध्ये झोपला तो उठलाच नाही. दफन इथेच झालं. आईला तोंड बघायला मिळालं नाही. त्याच्या रूममधल्या लोकांनी सामान गोळा करून दिलं — कांबळं, कपडे, टॉर्च आणि टेपरेकॉर्डर. त्यात एक कॅसेट तशीच होती. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "एक बाजू भरली होती त्याने. दुसरी शुक्रवारी भरणार होता." मी ती ऐकली नाही. ती आईची होती.

त्या सामानाचा खोका मी माझ्या हाताने बांधला. माझी बांधणी अख्खा बाजार ओळखायचा. नायलॉनची दोरी कोपऱ्यांवर दुहेरी, आणि उचलायच्या जागी पाण्याच्या हिरव्या पायपाचा वीतभर तुकडा ओवलेला, म्हणजे दोरी हाताला काचत नाही. सगळ्या बाजूंनी मार्करने नाव लिहिलं — अयूब मुकादम, गाव, तालुका, व्हाया बॉम्बे. पाठवणारा — हमीद मुकादम, दोहा. आणि माझ्याच शेठच्या कार्गोने पाठवला.

तो पोचलाच नाही. शेठ म्हणाला, "पोहोच गया. घरवालों ने लिया, अंगूठा लगाया. माल मिल गया, खलास." आईने कशावरही अंगठा लावला नव्हता. मी भांडलो, नोकरी सोडली, पण धंद्याचा एक नियम तिथे कायमचा शिकलो. माल एकदा 'घेतला' म्हटलं की तक्रार मेली. म्हणून आधी विचारायचं — कोणाकडून आला, मधे कोणाच्या ताब्यात होता? उत्तर मिळेपर्यंत हात लावायचा नाही.

आता २००५. माझी साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाला, शरीर हलवा. त्याच सुमारास अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगमागे राहणाऱ्या एका फ्रेंच इंजिनिअरचं घरसामान मी बांधून दिलं. त्याने सांगितलं, त्याच्या गावाकडे सायकलवर फिरायची सुट्टी मिळते. गाइड नाही, ग्रुप नाही. नकाशा आणि सायकल देतात, तुम्ही द्राक्षाच्या मळ्यांतून आपल्या मर्जीने जायचं, आणि बॅगा आपोआप पुढच्या हॉटेलात पोचतात.

मी हसलो. बॅगा आपोआप कुठेच पोचत नाहीत, हे मला विचारा.

पण माझ्या बायकोने, नजमाने, तेच धरून ठेवलं. ती रत्नागिरीत शाळेला सायकलने जायची. लग्नानंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. तिचा भाऊ चिडवायला लागला, "दुल्हेभाई, लोक मक्केला उमरा करायला जातात, तुम्ही दारूच्या गावाला चाललात?"

नजमा म्हणाली, "द्राक्षं झाडाला असतात तोवर हलालच असतात. तू गप बस."

सप्टेंबरात गेलो. बर्गंडी म्हणून भाग आहे. कमरेएवढ्या वेली तारांवर चढवलेल्या, मैलोन् मैल, आणि मधून घरातल्या ओटीसारखा स्वच्छ रस्ता. द्राक्षं तोडायचे दिवस होते. दोह्यात त्या वेळी सायकलच्या सीटवर बसलं तरी चटका बसला असता. इथे नजमा डोक्याला रुमाल घट्ट बांधून माझ्या पुढे निघून जायची आणि वळणावर थांबून म्हणायची, "अहो शेठ, ब्रेक सोडा की जरा!"

पहिल्या संध्याकाळी हॉटेलात पोचलो. जिन्याखाली आमच्या दोन बॅगा होत्या. शेजारी एक खोका.

नजमा हसली. "बघा, इथेपण कोणीतरी आपल्यातला आलाय. दोरी बघा."

मी दोरीच बघत होतो. कोपऱ्यांवर दुहेरी. वर हिरव्या पायपाची मूठ. मग नाव वाचलं, आणि अक्षर माझं.

मी काउंटरवरच्या बाईला विचारलं, हे कोणी आणलं? ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या बॅगांच्या गाडीतून आलं. मुकादम. तुमचंच ना?"

तुम्हाला वाटेल मी रडलो असेन. नाही. माझं डोकं फिरलं. सात वर्षं गायब असलेला माल माझ्यासमोर ठेवतात आणि विचारतात, तुमचंच ना? मला सरळ वाटलं, हे शेठचं काम आहे. त्याला मी कुठे चाललोय ते कळलं असणार. दोह्यात आपल्या लोकांत काही लपत नाही. मी 'हो' म्हणायचं, घ्यायचं, आणि तो बाजारात सांगणार — बघा, मिळाला की नाही?

"उघडा ना," नजमा म्हणाली.

"आधी कोणी पाठवला ते कळू दे."

"अहो, कॅसेट असेल आत. आईसाठी तरी..."

"आईसाठीच म्हणतोय. एकदा घेतला की विचारायचा हक्क गेला."

खोका रात्रभर जिन्याखालीच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकली घेऊन निघालो. नजमा आता पुढे जात नव्हती, माझ्या मागून येत होती. एका मळ्याच्या कडेला बसून आम्ही दोह्याहून आणलेला खजूर खाल्ला. मजूर टोपल्या पाठीला लावून रांगेत चालले होते, एक बाई आम्हाला घड दाखवून हसली. नजमाने तिकडे बघितलंदेखील नाही.

"तो खोका तुम्हाला चावणार आहे का?" तिने विचारलं.

"तू धंद्यातलं बोलू नको."

"अयूब धंदा होता?"

मी सायकल उचलली.

संध्याकाळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉटेलात — दोन बॅगा आणि खोका. या वेळी मी जवळून बघितलं. पुठ्ठ्याला ओल लागलेली नव्हती. दोरी नवीकोरी. जणू मी आत्ता गाठ मारून हात झटकले असावेत. नजमाने त्याच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसून राहिली. मग उठून खोलीत गेली.

सकाळी मी गाडीवाल्याची वाट बघत दारातच उभा राहिलो. माझ्याच वयाचा, दाढीवाला, ओठात विझलेली सिगारेट. मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होता.

"हे कोणी दिलं तुला?"

त्याने खांदे उडवले. "सेम नेम, मस्यू. फॅमिली."

"पाठवणाऱ्याचं नाव सांग. त्याशिवाय मी घेत नाही."

"नो?"

"नो! रिफ्यूज्ड! परत घेऊन जा आणि जो कोणी आहे त्याला म्हणावं, समोर ये!" माझा आवाज त्या शांत गल्लीत इतका चढला की समोरची खिडकी उघडली.

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. खिशातून खडू काढला आणि खोक्यावर मोठी फुली मारली. आमच्या शेठच्या दुकानात परत आलेल्या मालावर आम्ही अशीच फुली मारायचो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. खोके वाहणारे सगळीकडे सारखेच, एवढंच मनात आलं. त्याने हिरवी मूठ धरून खोका उचलला, गाडीत ठेवला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी तिसऱ्या हॉटेलात फक्त दोन बॅगा होत्या. मी गाडीवाल्याच्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, तुमच्या नावावर पहिल्यापासून दोनच बॅगा आहेत, खोका वगैरे काही नाही. आधीच्या दोन्ही हॉटेलांत फोन केला. दोन्हीकडच्या काउंटरवरच्या बायका म्हणाल्या, दोनच. पहिली गोड आवाजाची बाई तर मला विचारायला लागली, तुमचं काही हरवलंय का?

नजमा म्हणाली, "आईला फोन करा." का, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

आईने फोन उचलला तो बोलतच. "बाला, तू नको का म्हटलंस रे?"

"काय नको म्हटलं?"

"खोका. दुपारी माणूस आला व्हता घेऊन. अयूबचा खोका. तुझीच बांधणी, ती हिरव्या पायपाची मूठ. मी हात लावून बघितला. मी म्हटलं, ठेव ओटीवर. तर तो म्हणाला, मोठ्या मुलाने नको म्हटलंय, आता परत न्यायला लागेल."

"आई, कोण माणूस? कसा होता?"

"दाढीवाला. मी म्हटलं, मी त्याची आई, मी घेते. तो म्हणाला, पाठवणाराच नको म्हणतो तर मी कसा देऊ? पाठवणारा तूच ना रे? मी पाणी आणायला आत गेले, तवर गेला तो." मग म्हणाली, "त्याच्यावर कोणी फुली मारलेली खडूने. माझ्या पोराच्या नावावर फुली का मारली, बाला?"

फुलीचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. नजमालाही नाही, ती तेव्हा खोलीत होती. आईच्या पलीकडच्या घरातली शमीम दुपारभर तिच्या पडवीत मासे साफ करत बसली होती. तिने कोणालाही येताजाताना बघितलं नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही सायकलींना हात लावला नाही. हॉटेलच्या दारात बसून प्रत्येक गाडी बघत राहिलो.

दोह्याला परतल्यावर एअरपोर्टवरून थेट शेठकडे गेलो. तो आता म्हातारा झालाय. मी त्याची गचांडी धरली. त्याने दुकानातल्या पोरांना लांब राहायची खूण केली आणि सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हमीद, तेरी कसम, मैंने फ्रान्स में किसी को नहीं भेजा. मगर तू बता... इतने साल बाद मिला, तो लिया क्यों नहीं?"

तोच प्रश्न. नजमाचा तोच, आईचा तोच. नजमाचा भाऊ, जो सगळ्याची चेष्टा करतो, त्यानेही मान खाली घालून तेच विचारलं.

या सगळ्याला आता चार वर्षं झाली. मी खूप हिशोब लावून बघितला. दोघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर आईचं काय? आईने कल्पना केली म्हणावं, तर फुलीचं काय? आणि फ्रान्समधून सकाळी निघालेला खोका दुपारी राजापूरला कुठल्या जहाजाने जातो? मी आयुष्य कार्गोत काढलंय. असा मार्ग नाही.

आई आता दुपारी झोपत नाही. दार उघडं ठेवून ओटीवर बसते. तिच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर आहे, दर सुट्टीला मी जाऊन त्याचे सेल बदलतो. ती बटण दाबून बघते, चालतोय ना.

तर मी हे लिहितोय ते तुमची सहानुभूती मिळवायला नाही. मला उत्तर पाहिजे. पाठवणारा मी होतो — १९९८ ला. मान्य. त्यानंतर सात वर्षं तो खोका कोणाच्या ताब्यात होता? मला विचारायला दोन संध्याकाळी आणला, मग माझ्या आईच्या दारात नेऊन तिच्या हाताखालून काढून घ्यायचा अधिकार कोणी दिला? मी नाकारलं ते मी नाकारलं. तिने तर 'घेते' म्हटलं होतं ना? मग दिला का नाही?

जो कोणी असेल त्याने समोर यावं. नाव विचारणार नाही, पावती मागणार नाही, आवाज चढवणार नाही. पण माझ्या आईला त्याने जबाब द्यायचा आहे. ती दारातच बसलेली आहे.