गावितचा पॉइंट

माझी शेवटची पोस्टिंग अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आहे. फौजेतून सुभेदार म्हणून उतरलो, येवल्याजवळ गावी घर बांधलं, कांदा लावला आणि वर्षभरात घरच्यांना नकोसा झालो. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही कांद्यालासुद्धा फॉल-इन करता. कुठंतरी नोकरी बघा." बघितली. इथे सगळे सुभेदारसाहेब म्हणतात. चाव्या, आग विझवायची सिलिंडरं आणि भटकी कुत्री माझ्या ताब्यात.

कारखान्यात पत्र्याचे पॅनल बनतात. माणूस शिकून तयार झाला की सोडून जातो, हे इथलं दुखणं. एचआरच्या केतकी मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी वाढदिवसाला केक सुरू केले, शुक्रवारी खेळ सुरू केले, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट दिले. गेटजवळ सूचनापेटी लावली. तिची चावी माझ्याकडे. दर सोमवारी उघडायचो, चिठ्ठी असली तर न वाचता मॅडमकडे द्यायचो. बहुतेक वेळा आत गुटख्याच्या पुड्या निघायच्या. एकदा चपलेचा अंगठा निघाला.

अनीस मालेगावचा, पॉवर प्रेसवर बसतो. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून तिला सेन्सर असतो. तो बिघडला. काम थांबू नये म्हणून कुणीतरी तो काढून ठेवला, तो तसाच राहिला. अनीस रोज त्या प्रेसमध्ये हात घालत होता. मग त्याने राजीनामा दिला. नोटिशीचा महिना संपला की गावी जाऊन यंत्रमागावर बसणार होता. मी विचारलं, "बोललास का कुणाला?"

"दो बार चिठ्ठी डाली, सुभेदारसाब. मॅडम ने बोला, आगे भेज दी. उसके बाद डब्बा भी चुप, साब लोग भी चुप. घरवाली बोलती, कमाई कम चलेगी, उंगलियां पूरी ले के आ."

त्याच आठवड्यात केतकी मॅडम गेटवर आल्या. "सुभेदारसाहेब, शनिवारी आपला कल्चर डे आहे. टीम स्पिरिटवर थोडं बोलाल? जरा जोश येईल असं." जोश आता शिल्लक नाही, असं म्हणणार होतो. पण समोरून अनीस डबा घेऊन आत चालला होता. हो म्हटलं. शनिवारी हॉलमध्ये जे सांगितलं ते असं.

मी तेव्हा हवालदार होतो. पलटण उत्तरेच्या सीमेवर, आमची कंपनी बर्फातल्या एका रिजवर, डोंगराच्या धारेवर. वर पोस्ट, खाली बेस, मधे एक नाला. दिवस सगळे सारखे. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, बर्फ उपसणं, संतरी ड्युटी, रॉकेलच्या धुराने काळं थुंकणं. हवा उघडली की एक पार्टी खाली जाऊन रेशन आणि टपाल आणायची.

फौजेत दरबार असतो. कमांडर जवानांसमोर उभा राहतो आणि शेवटी विचारतो, "किसी का कोई पॉइंट?" पॉइंट म्हणजे तक्रार, अडचण, जे असेल ते. मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं, हा प्रश्न नावाला असतो. आदल्या दिवशीच सीनियर लोक दम देऊन ठेवतात, उद्या कुणी तोंड उघडायचं नाही, इज्जत जाते. मग दरबारात अळीमिळी गुपचिळी. साहेब खूश, सीनियर खूश, आणि जवान ओले मोजे घालून परत ड्युटीवर.

आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब वेगळे होते. माणूस रूक्ष. कधी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही, कधी हसले नाहीत. पण त्यांची एक पद्धत होती. दरबार भाषणाने सुरू व्हायचा नाही, मागच्या पॉइंटच्या उत्तराने व्हायचा, नाव घेऊन. "शिंदे का पॉइंट. मोज़े. आ गए." किंवा, "जाधव का पॉइंट. छुट्टी. नहीं मिलेगी. कारण ये है." नाही म्हणायचे तेही तोंडावर. त्या 'नाही'वरसुद्धा माणसं टिकून राहायची, कारण आपण बोललेलं कुठेतरी पोहोचलं एवढं कळायचं.

लान्स नायक गावित हरसूलकडचा. दरबारात त्याचा हात वर असायचाच. पहिला पॉइंट कायम एकच. "साब, चाय पतली है." अख्खी कंपनी हसायची. मेजर साहेब न हसता पुढच्या दरबारात उत्तर द्यायचे, "गावित का पॉइंट. चाय. मिल्क पावडर कम आया है." लंगरचा, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा, कुक चिडायचा. म्हणायचा, "गावित, तुझ्या सासऱ्याने म्हशी बघून पोरगी दिली वाटतं." गावित म्हणायचा, "आमच्या घरी मी बोललो तं बैलसुद्धा मान वळवत नाय. हितं मेजर उत्तर देतो. मग बोलू नको तं काय करू?"

त्या हिवाळ्यात त्याचा आणखी एक पॉइंट होता. संतरी पोस्टचा दरवाजा. फळी फुटली होती. बर्फ आत येऊन ड्युटीवरच्या माणसाच्या मांडीवर साचायचा. मेजर साहेबांनी मागणी खाली पाठवली. पुढच्या दरबारात उत्तर आलं, "मंगवाया है." त्याच्या पुढच्या, "बेस पर पहुंच गया. मौसम खुलेगा तब आएगा."

मौसम उघडला. पार्टी कमांडर मी होतो. गावितची त्या दिवशी पोस्टवरच ड्युटी होती. पण सकाळी तो बूट बांधून समोर उभा. "हवालदारसाहेब, पॉइंट माझा हाय. फळ्या मीच आननार." मी मेजर साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

खाली गेलो, सामान घेतलं, दुपारी परत निघालो. नाला एकेकाने ओलांडायचा, एक पलीकडे पोहोचला की दुसऱ्याने उतरायचं, ही ड्रिल. मी पलीकडे पोहोचलो होतो. गावित मधोमध होता, फळ्या पाठीला बांधलेल्या. वरून बर्फ सुटल्याचा आवाज आला, ट्रकमधून वाळू ओतल्यासारखा. मी ओरडलो, "भाग, गावित." तो पळाला. मग नाल्यात माणूस नव्हता.

मी वायरलेस सेट घेतला. "कंपनी, पार्टी कमांडर बोल रहा हूँ. एवलांच आया है. एक जवान दबा है. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"गावित. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर. मग मेजर साहेबांचा आवाज. "खोदते रहो. मैं आ रहा हूँ. आउट."

खोदलं. फावडी कमी पडली, बाकीच्यांनी जेवणाच्या मेस टिनने उपसलं. एका फळीचं टोक बर्फाबाहेर होतं, म्हणून जागा सापडली. आधी फळ्या निघाल्या, मग गावित. वरून मेजर साहेबांबरोबर उतरलेल्या नर्सिंग असिस्टंटने छाती दाबली. बराच वेळ दाबली, मग थांबला. मला रडू आलं नाही. कुणालाच आलं नाही. हात बधिर झाले होते आणि आतही तसंच होतं. आम्ही त्याला उचलून वर नेलं. फळ्याही नेल्या. त्या न्या, असं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा दरबार झाला. मेजर साहेब समोर आले. सुरुवात नेहमीसारखीच.

"गावित का पॉइंट. संतरी पोस्ट का दरवाज़ा. लग गया."

मग विचारलं, "किसी का कोई पॉइंट?"

कुणी हलेना. पॉइंट उठवला आणि माणूस गेला, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. खुळचट होतं, पण बसलं होतं. मला एवढं कळत होतं की आज कुणी बोललं नाही तर या कंपनीत पुन्हा कुणीच बोलणार नाही. साहेब तसेच उभे.

हॉलमध्ये इथपर्यंत सांगितलं आणि मी थांबलो. समोरचं पाणी प्यायलो. जोश काही आला नाही. केतकी मॅडम खाली बघत होत्या. पहिल्या रांगेत प्लांट हेड बसले होते, एरवी उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. ते उठले, टी-शर्ट खाली ओढला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "कुणाचा काही पॉइंट?"

मग भिंतीला टेकलेला अनीस बोलला. "सर, प्रेस का सेन्सर."

प्लांट हेडनी मेंटेनन्सवाल्याकडे पाहिलं. त्याने फरशीकडे पाहिलं.

"प्रेस आत्ता बंद करा," प्लांट हेड म्हणाले. "आणि उत्तर पुढच्या शनिवारी मी स्वतः देणार."

दिलं. पुढच्या शनिवारी पहिलं वाक्य तेच होतं, "अनीसचा पॉइंट. सेन्सर बसला." एका शनिवाराने कल्चर येतं, असं मी म्हणणार नाही. कधी पहिले पाढे पंचावन्न होतील, सांगता येत नाही. अनीसने राजीनामा मागे घेतलेला नाही, पण जायची तारीख पुढे ढकलली आहे. सूचनापेटी मॅडमनी मला उतरवायला सांगितली. ती आता स्टोअरमध्ये आहे, मी तिच्यात बल्ब ठेवतो.

परवा सुटी झाल्यावर अनीस गेटवर रेंगाळला. म्हणाला, "सुभेदारसाब, उस दिन दरबार में फिर कौन बोला?"

कुक बोलला. दरबारात कुक कधी बोलत नाही. तो लंगरच्या दारात उभा होता, हात पुसत. तिथूनच म्हणाला, "साब, चाय पतली है." स्वतःच्याच चहाबद्दल. कुणी हसलं नाही. मेजर साहेब म्हणाले, "ठीक है," आणि तेवढं म्हणताना त्यांचा आवाज हलला. त्याच्यानंतर जाधव बोलला, मग शिंदे, मग मीही बोललो.

मी त्या कंपनीत होतो तोवर तो चहाचा पॉइंट प्रत्येक दरबारात कुणीतरी उठवायचंच. कधी कुक, कधी नवा आलेला जवान, ज्याने गावितला पाहिलंही नव्हतं. उत्तर पुढच्या दरबारात, सगळ्यात आधी. उठवणारा कुणीही असो, मेजर साहेब नाव एकच घ्यायचे.

"गावित का पॉइंट. चाय. अभी भी पतली है."