बूड उचललं, वजन तिथंच

पिकअपचं बूड खाली बसलं होतं आणि नाक वर गेलं होतं. बाभळीचा पाला ओरबाडायला शेळी मागच्या पायांवर उभी राहते ना, तशी दिसत होती. मागे हुकाला दोन चाकांचा टँकर-ट्रेलर, त्यात दोन हजार लिटर पाणी. आमचे साहेब तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "परवा कलेक्टर येणार आहेत. ही गाडी त्यांच्यासमोर अशी उभी राहता कामा नये."

साहेब 'अशी उभी' म्हणाले होते, 'अशी चालता कामा नये' म्हणाले नव्हते. हा फरक तेव्हाच्या मला कळला नाही. तेव्हाची मी म्हणजे पाणीटंचाईच्या कामावर नेमलेली ज्युनिअर इंजिनिअर, मेकॅनिकलची. कार्यालयात बाई मी एकटीच. इस्त्रीची सुती साडी, पर्समध्ये पांढरा रुमाल आणि तोंडात वसतिगृहात घासूनपुसून घेतलेली शुद्ध भाषा. आज ती बया समोर आली तर मी तिला आधी हंडाभर पाणी शेंदायला लावीन, मग बोलीन.

लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळही आला होता. भावाभावांची वाटणी व्हावी तशी सामानाची वाटणी झाली. खुर्च्या आल्या, टेबलं मागे राहिली. पिकअप एका ठिकाणाहून आली, ट्रेलर दुसऱ्या ठिकाणाहून. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. वर्कशॉपात हूक वेल्डिंग करून आम्ही त्यांचं लग्न लावून टाकलं. असे एकूण चार ट्रेलर होते, चारही एकाच साच्यातले.

पिकअपवर ड्रायव्हर होते रसूलमामू. सगळं कार्यालय त्यांना मामू म्हणायचं. मी 'ड्रायव्हर' म्हणायची. साठीला टेकलेला माणूस, पांढरी खुरटी दाढी, डाव्या कानामागे कायम बिडी, आणि ती कधी पेटवलेली मी पाहिली नाही.

ट्रेलर रिकामा आला त्या दिवशीची गोष्ट आधी सांगायला हवी. मी त्याच्या पुढच्या दांडीपाशी गेले. ही दांडी म्हणजे हुकाला अडकतो तो भाग. मनात काही नसताना मी वाकले, तिच्याखाली हात घातला आणि उचलून बघायला गेले. दांडी जागची हलली नाही. लगेच भानावर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि रुमालाने हात पुसले. इंजिनिअर बाईने असं गड्यासारखं वाकायचं नसतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ट्रेलर भरला, गाडी बसली, तेव्हा मामू जवळ आले. म्हणाले, "म्याडम, ट्रेलर धुरजड हाय."

धुरजड हा बैलगाडीतला शब्द. गाडीचा भार पुढे जास्त झाला, की जू बैलांच्या मानेवर दाबतं. ती गाडी धुरजड. भार मागे गेला, की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती उलाळ. माझे वडील लोह्याजवळ शेती करायचे. गाडी भरली की बैल जुंपायच्या आधी ते जू एका हाताने उचलून बघायचे. जड लागलं तर दोन पोती मागे, हलकं लागलं तर पुढे. हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आले होते.

आणि मी मामूंना काय म्हणाले? "ही काय भाषा आहे? तांत्रिक भाषेत सांगा."

मामू म्हणाले, "तुम्ही लोह्याकडच्या ना? मला वाटलं ठावं असंल."

"मी वसतिगृहात वाढले," मी म्हणाले. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. त्यात खोटं अक्षर एकही नव्हतं, पण सगळं वाक्य खोटं होतं.

मग मी माझा इलाज केला. पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले. तीच तिची स्प्रिंग. मी दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे टाकायला लावले. दुपारपर्यंत काम झालं. ट्रेलर भरून जोडला, तर गाडी पट्टीसारखी सरळ. साहेब खूष झाले. कलेक्टर आले, नारळ फुटला, हार गाडीला पडला आणि फोटोत मी मधोमध उभी.

सगळे पांगल्यावर मामू बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बूड उचललं म्याडम. वजन कुठं उचललं?"

"तुम्ही गाडी चालवा," मी म्हणाले. "बाकीचं मी बघते."

मामू काय सांगत होते ते आता सोप्या शब्दांत सांगते. ट्रेलरचं बरंचसं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि थोडं हुकावर येतं. हूक गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्यामुळे हूक दाबला की पुढची चाकं वर उचलली जातात. सी-सॉवर मागे जाडा माणूस बसला की पुढचा हवेत, तसंच. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं, पण चाकं रस्ता पकडत नाहीत. जादा पाट्यांनी गाडी सरळ दिसते. पुढच्या चाकांचं गेलेलं वजन काही परत येत नाही. मी तापाच्या रोग्याला पावडर लावून बसवलं होतं.

आठवड्याने मी स्वतः फेरीवर गेले. अहमदपूरच्या बाजूला डोंगरउतारावर एक वाडी होती. तिथे दर तिसऱ्या दिवशी एक ट्रेलर जायचा, माणसांना आणि जनावरांना मिळून तेवढंच पाणी. सकाळची वेळ. मी पुढे मामूंच्या शेजारी. रस्ता मुरुमाचा, उताराचा, आणि खाली ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ डावीकडे वळण. वेगाच्या काट्याकडे माझं लक्ष होतं, कारण मला गाडीत भीती वाटते. काटा पंचविसाच्या पुढे गेला नव्हता.

मामूंनी वळणावर स्टेअरिंग डावीकडे घेतलं. गाडी सरळ गेली. त्यांनी आणखी घेतलं, पार टोकाला नेलं. गाडी आपली सरळच. मामू फक्त "धरा" म्हणाले आणि आम्ही कोरड्या ओढ्यात उतरलो. ट्रेलर आडवा झाला, झाकण उडालं. मला खरचटलं. मामूंचं मनगट मोडलं.

वाडीतल्या बाया घागरी घेऊन वरच थांबल्या होत्या. त्या धावत खाली आल्या. आडव्या टाकीत कोपऱ्याला थोडं पाणी उरलं होतं, ते त्यांनी तांब्याने काढून घेतलं. बाकीचं वाळूत गेलं. एकीने आधी मामूंचा हात आपल्या पदराने बांधला, मग मला विचारलं, "बाई, आता कवा?"

दुसरी गाडी तिकडे दोन दिवसांनी गेली. त्या दोन दिवसांत त्या बायांनी काय केलं, ते विचारायचं धाडस मी कधीच केलं नाही.

कार्यालयात साहेबांनी समोर बसवलं. मामू दवाखान्यात होते. त्यांचा जबाब आधीच आला होता, एका ओळीचा. स्टेअरिंग फिरवलं, गाडी फिरली नाही. साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला.

"तुम्ही गाडीत होता. वेग किती होता?"

पाटे कुणी टाकले हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"थोडा जास्तच असेल," मी म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं, मी खाली सही केली. संध्याकाळी मामू निलंबित झाले. निवृत्तीला त्यांचे काही महिनेच उरले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर निष्काळजी ड्रायव्हर म्हणून घरी जाणार होते. दुसऱ्या दिवशी ते हात गळ्यात बांधून किल्ली द्यायला आले. मी टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधत राहिले. खण रिकामा होता.

त्याच आठवड्यात साहेबांनी दुसरा ट्रेलर दुसऱ्या पिकअपला जोडायला सांगितला. पाटेही तसेच टाका म्हणाले, आता पद्धत ठरली आहे. माझी पद्धत. मी होकार दिला आणि रविवारी लोह्याला गेले.

वडील कडबा भरत होते. गाडी भरून झाली, त्यांनी जू उचलून पाहिलं आणि मला म्हणाले, "चार पेंढ्या मागं टाक गं, धुरजड झाली."

मी पेंढ्या मागे टाकल्या. त्यांनी जू पुन्हा उचललं, या खेपेला दोन बोटांवर. बैलांच्या मानेवर ठेवलं आणि निघून गेले. त्यांनी बैलांना जास्तीचा खुराक दिला नाही, की माना जाड करायला औषध दिलं नाही. मी मात्र नेमकं तेच करून बसले होते.

सोमवारी सकाळी तो दुसरा ट्रेलर काठोकाठ भरून घेतला आणि एका डाळमिलच्या आवारात नेला. मिलवाल्या अप्पांकडे पोती मोजायचा काटा होता, जमिनीलगत फळी असलेला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पायात खडावा, आणि बाईमाणूस पाण्याची टाकी मोजायला आलं म्हणून तोंडभर हसू. ट्रेलरची चाकं बाहेर राहतील आणि दांडी तेवढी काट्यावर टेकेल, अशी मी मांडणी केली. ती मात्र गाडीच्या हुकाच्याच उंचीवर टेकवावी लागते, खाली वाकली तर आकडा चुकतो.

अप्पांनी काटा वाचला. "सव्वापाच क्विंटल." मग विचारलं, "हे सगळं त्या जीपच्या शेपटीवर?"

"हाव," मी म्हणाले. वसतिगृहानंतर पहिल्यांदाच तो घरचा शब्द तोंडातून निघाला.

ढोबळ हिशोब असा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा, फार तर थोडा जास्त, हुकावर यावा. आमचा ट्रेलर भरून पंचवीस क्विंटल. म्हणजे हुकावर अडीच हवे होते, होते दुपटीहून जास्त. अगदी कमीही चालत नाही, मग ट्रेलर मागे कुत्र्याच्या शेपटीसारखा डोलतो. साच्यातच चूक होती. चाकांचा एक्सल फार मागे बसवलेला होता, म्हणून भार पुढे येत होता. आम्ही एक्सल सव्वा फूट पुढे सरकवला आणि पुन्हा काट्यावर नेला. अप्पांनी आकडा वाचला, अडीचला थोडा वर. जादा पाटे मी काढून टाकले. गाडी मागे इंचभर बसली, तेवढी बसतेच. नाक जागेवर राहिलं.

लोखंडाचं काम एका दिवसात झालं. कागदाचं काम करायला मला आणखी चार दिवस लागले. लिहायची, फाडायची. शेवटी लिहिलं, की वेग पंचविसाच्या आत होता, ड्रायव्हरने आधी सांगितलं होतं आणि जादा पाटे माझ्या सूचनेवरून टाकले होते.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "यातला एक खोटा आहे."

"पहिला," मी म्हणाले.

"रसूल तसाही निवृत्त होतोय. तुमची अख्खी नोकरी पुढे आहे."

"त्यांचं मनगट पण मोडलंय, साहेब."

साहेबांनी दुसरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. माझ्या सर्व्हिस बुकात शेरा आला आणि पुढची बढती दुसऱ्याच्या वाट्याला गेली. मामू कामावर परत आले ते अकराव्या दिवशी. हे अकरा दिवस मी उगाच मोजलेले नाहीत. मोहल्ल्यात माणसं त्यांना भेटायला येऊन विचारत असतील, मामू, गाडी जोरात होती का? आणि ते काय सांगत असतील?

परतल्यावर ते आधी ट्रेलरपाशी गेले. हात अजून प्लास्टरमध्ये होता, म्हणून गाडी दुसऱ्याकडे होती. त्यांनी दुसऱ्या हाताची वीत पिकअपच्या पुढच्या मडगार्डाखाली लावली, जमिनीपर्यंत मोजलं. मग ट्रेलर जोडायला लावला आणि पुन्हा मोजलं. फरक दोन बोटांचा पण नव्हता.

"आता आली जाग्यावर," म्हणाले.

मी जवळ गेले. माफीची वाक्यं पाठ केली होती, शुद्ध भाषेत. ती सगळी विसरले.

"मामू," मी म्हणाले, "धुरजड म्हणजे काय, मला तेव्हा पण ठावं होतं."

मामूंनी बिडी कानामागे नीट बसवली. "मला बी ठावं होतं, तुम्हाला ठावं हाय म्हणून."

"कसं?"

"ट्रेलर आला त्या दिवशी तुम्ही वाकून दांडी उचलून बघितली. कुणब्याची लेक जू बघती तशी. मंग रुमाल काढला." ते जरासं हसले. "म्हटलं, सांगतील कवातरी."

पुढे चाळीसेक वर्षांत मी बऱ्याच गाड्यांची बुडं पाहिली. माझा नातू हल्ली पिकअपला ट्रेलर लावून शेतमाल नेतो. गाडी बसते म्हणून परवा त्याने मागच्या स्प्रिंगमध्ये घालायचे रबराचे ठोकळे आणले. मी त्याला आधी ट्रेलरमधली पोती मागे सरकवायला लावली, मग पुढच्या मडगार्डाला वीत लावायला सांगितली. ठोकळे दुकानदाराला परत गेले. नातू म्हणाला, आजी, हे तुला कॉलेजात शिकवलं का? मी म्हटलं, नाही रे बाबा, कॉलेजात मी विसरले होते.