शेजारच्या सीटखालचा ब्रेक

"बूट घालून ब्रेक तपासणं म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणं," असं मिस्त्री एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते.

वाक्य त्यांच्याआधी गावभर पोचलं. चपला काढून गाडीत बसणारा मिस्त्री म्हणून लोक त्यांना ओळखू लागले, आणि कुणीतरी त्यांचं नाव 'पायाळू' ठेवून दिलं. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. यांना पत्र्याखालचं दुखणं कळायचं. जन्माला ते आले होते चारचौघांसारखे डोक्यानेच, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

टेकडीवरच्या वस्तीतून खाली बाजाराकडे जाणारा रस्ता लांब होता आणि उभा होता. त्याच्या माथ्यावर मिस्त्रींचं गॅरेज. टॅक्सीवाले, टेम्पोवाले, जुनी गाडी जिवापाड जपणारे पेन्शनर, सगळे उतरायच्या आधी तिथे थांबत. मिस्त्री एक चक्कर मारून येत. अनवाणी तळवा पेडलवर, डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कलती, भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तशी. परत आल्यावर एकच शब्द: "जा." किंवा "थांब." त्या एका शब्दावर माणसं बायकापोरांना घेऊन उतार उतरत.

त्यांची मुलगी गाडी चालवायला शिकवायची. गॅरेजवर येणारे सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिची गाडी जुनी होती, बापाने भंगाराच्या दारातून परत आणलेली, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली, पायाशी, दुसरा ब्रेक बसवलेला होता. दोन्ही पेडल एका सळईने जोडलेली. एक दाबलं की दुसरंही खाली जायचं. शिकणारा चुकला की मास्तरीण आपल्या बाजूने गाडी थांबवायची. इतकी वर्षं असा पाय उचलून धरल्याने तिला दुसरं काही जमेनासं झालं होतं. बसमध्ये बसली तरी समोर कुणी आडवं आलं की ती फरशी दाबायची. जेवताना आईने पातेलं जरा जोरात ठेवलं तरी टेबलाखाली तिचा पाय ताठ व्हायचा. झोपेतही पांघरुणाला ब्रेक मारते, असं आई म्हणायची.

तर त्या सुमारास तिच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकत होत्या. कडक बाई. उतार संपतो त्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि एकदम पाय उचलून घेतला. गाडी मोकळी सुटली. समोर फळांची हातगाडी. मास्तरिणीने आपला ब्रेक पाताळात दाबला, गाडी थरथरत, उचक्या देत, हातगाडीच्या चाकापाशी थांबली. फळवाल्याने त्यांच्या तीन पिढ्यांची आठवण काढली.

"पाय का उचललात?" मास्तरीण ओरडली.

"मला लाथ मारली त्याने."

"कुणी?"

"तुझ्या ब्रेकने. आयुष्यात मला कुणी लाथ मारली नव्हती, बाळ. दचकणारच ना मी?"

मास्तरिणीलाही ती लाथ लागली होती. तळव्याखाली पेडल धडधडत होतं, एखाद्या पिशवीत काहीतरी जिवंत बांधून ठेवल्यासारखं.

तिने गाडी बापाला दाखवली. मिस्त्रींनी चपला काढल्या, चक्कर मारली, परत आले. "लोणी आहे लोणी. शिकाऊ माणसाचे पाय थरथरतात. ब्रेक नाही थरथरत."

"बाबा, मलाही लागलं ते."

"तू घाबरली होतीस." मग आवाज उतरवून, "बरं, पुढच्या चाकांच्या डिस्क घासून आणतो. तुझं समाधान."

डिस्क घासून आणल्या. धडधड तशीच. पॅड बदलले. तशीच. मिस्त्रींनी नव्या डिस्क घातल्या, हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केला, पुन्हा चक्कर, पुन्हा लोणी. दर वेळी गाडी परत घेताना मास्तरीण वळणावर हळूच ब्रेक दाबायची, आणि दर वेळी ते पिशवीतलं जनावर हलायचं. एका गोष्टीचं मात्र तिला नवल वाटे. स्टेअरिंग शांत असायचं. थरथर यायची ती पायातून, हातातून कधीच नाही.

ती शिकवणं बंद ठेवू शकत नव्हती आणि चालूही ठेवू शकत नव्हती. शिकणाऱ्यांना ती उताराच्या जवळपासही नेईना. सपाट गल्ल्यांतून त्याच त्या चकरा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गाडी शिकतेय की घाण्याला जुंपलीय?"

पण तिची झोप उडवणारी गोष्ट वेगळी होती. गाडीबद्दल बापाचं कधी चुकलं नव्हतं. तिला ते चुकलेलं चाललंही असतं. ते चुकत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं, हे चालण्यासारखं नव्हतं. कारण रोज कुणीतरी गॅरेजवर येऊन थांबत होतं, आणि मिस्त्री रोज कुणालातरी "जा" म्हणत होते.

मग ती बघू लागली. एकदा बघायला लागल्यावर काय काय दिसतं माणसाला. स्वयंपाकघरात बाबा एकाच पायात चप्पल घालून आले. दुसरी अंगणातच गळून पडलेली. त्यांना पत्ता नाही. एकदा गॅरेजच्या फरशीवर काळसर डागांची रांग, एका पावलाआड एक. त्यांच्या टाचेत तुटका वायसर रुतला होता आणि ते त्याच पायाने तासभर हिंडत होते.

"कातडी जाड झालीय," मिस्त्री म्हणाले. "अनवाणी माणसाची होते."

आई चिमटा घेऊन खाली बसली होती. "कातडी जाड झालीय की अक्कल? डॉक्टर घसा फोडून सांगतोय, साखर वाढलीय, पाय सांभाळा, पाय सांभाळा."

"त्याला काय कळतंय गाड्यांतलं."

"गाड्यांतलं नाही हो, पायातलं!"

मिस्त्री हसले. मास्तरीण हसली नाही. चिमट्याने वायसर निघाला तेव्हा तिचा स्वतःचा पाय आखडला. बाबांचा हललाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "बाबा, आज मी शेजारी बसते. तुम्ही चालवा."

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच."

गोदामांच्या मागे एक रुंद, मोकळा रस्ता होता. दोन्ही बाजूंना बंद शटरं, मध्ये सिमेंटचे पट्टे, वारा आला की प्लास्टिकच्या पिशव्या इकडून तिकडे. मिस्त्रींनी चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या. मास्तरिणीने तिचे बूट काढले, पहिल्यांदाच, आणि उघडा तळवा आपल्या पेडलवर नुसता टेकवून ठेवला.

मिस्त्रींनी वेग घेतला. ब्रेक दाबला. सळईतून ती धडधड आली आणि तिच्या पोटरीपर्यंत चढली.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "काही आहे?"

तिने बाहेर बघितलं. वडिलांना तोंडावर सांगायच्या काही गोष्टींना भाषेत जागाच केलेली नसते. तिला गाडीतून उतरून चालत सुटावंसं वाटलं.

"बाबा, पायाने नको. हँडब्रेकने थांबवा एकदा."

"का?"

"स्टेअरिंग हलत नाही, म्हणजे पुढचं काही नाही. मागचं असेल. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तुम्हीच शिकवलंत."

मिस्त्रींनी तिच्याकडे एक नजर टाकली. त्यात कौतुक होतं आणि थोडी चीडही. पुन्हा वेग. मग पाय सगळीकडून काढून घेतला, अंगठ्याने दांड्याचं बटण दाबून धरलं, चाक एकदम अडकू नये म्हणून, आणि दांडा हळूहळू वर ओढत आणला.

दांडा त्यांच्या मुठीत थडथडायला लागला. अख्खी गाडी मागून कुणी बुक्के मारावेत तशी हलली.

"अरे!" मिस्त्रींचं तोंड उजळलं. किती दिवसांनी. "अगं ड्रम! मागच्या चाकांचे ड्रम गेलेत. गोल राहिले नाहीत, अंड्यासारखे झालेत. चाक फिरतं, लांबट भाग आला की लायनर, म्हणजे ब्रेकची पट्टी, बाहेर, आखूड भाग आला की आत. म्हणून धडधड. आणि कशाने झालं सांगू? तुझ्या उतारावरच्या धड्यांनी! उतार उतरायचा, ड्रम तापून लाल, आणि खाली पोचल्या पोचल्या तुझे शिष्य हँडब्रेक ओढून ठेवतात करकचून. गरम लोखंड दोन्हीकडून दाबलं की तसंच थंड होतं. तिथेच आकार धरतं."

"गाडी सोडताना हँडब्रेक ओढायचाच, हे कुणी शिकवलं मला?"

"मीच. पण डोकं वापरू नकोस असं कुठे म्हणालो? गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव, थंड होऊ दे..." ते बोलत राहिले. हात हवेत ड्रमचा आकार काढत होते. लहानपणी ते तिला असेच बोलताना आवडायचे. सगळं जग एक उघडलेलं चाक, आणि बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसलेले.

बोलता बोलता ते थांबले.

ड्रममधली धडधड हँडब्रेकच्या दांड्यात येते तशी पेडलमध्येही येतेच. आधी पेडलमध्येच येते. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यांनी पुन्हा गाडी पळवली. पायाने ब्रेक. थांबली. पुन्हा पळवली. पुन्हा ब्रेक. तळवा त्यांनी पेडलवर असा घट्ट दाबला होता की बोटं पांढरी पडली. पुन्हा. शटरं पुढे यायची, मागे जायची. मास्तरीण आपला पाय उचलायचं विसरली होती. चौथ्यांदा की पाचव्यांदा गाडी थांबत असताना मिस्त्रींनी खाली, तिच्या बाजूला बघितलं.

तिचा उघडा पाय पेडलबरोबर वर-खाली होत होता. बोटं उडत होती. लांबून, डोळ्यांनीही दिसत होतं.

त्यांनी मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. तोही तसाच उडत होता. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"कधीपासून कळत नाहीये?" मास्तरिणीने विचारलं.

मिस्त्रींनी गाडी वळवली. नजर रस्त्यावर ठेवून गॅरेजकडे निघाले. मास्तरीण काचेतून बाहेर बघत होती आणि मोजू नये तरी मोजत होती: या महिन्यात टॅक्सीवाले किती, टेम्पो किती, शाळेची ती पिवळी गाडी. सगळ्यांना "जा". आजवर काही झालं नव्हतं. नव्हतं ना? उतारावरून रोज कोण कुठे धडकतं, हे गॅरेजपर्यंत कळतंच असं थोडंच आहे.

गॅरेजवर आल्याबरोबर मिस्त्रींनी मागची चाकं काढली. ड्रम हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून सुटे केले. आतल्या तोंडाला मोजपट्टी एकदा उभी लावली, एकदा आडवी. आकडे मोठ्याने म्हणाले. जुळले नाहीत. तिलाही मोजायला लावलं. तिचेही जुळले नाहीत. हात बरोबर होते, डोळे बरोबर होते. "टर्नरकडे टाकू, लेथवर एक हात फिरवून देईल. नाहीच गोल आले तर नवे," ते म्हणाले, आणि मग उगाचच स्वच्छ ड्रम पुन्हा पुसत बसले. पुसून झाला की दुसरा. तो झाला की पहिला. आई चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. रोजचा टॅक्सीवाला. काठोकाठ भरलेली गाडी, टपावर बोचकी, मागे बायको, मुलं, आणि खिडकीशी एक म्हातारी छत्री उभी धरून.

"पायाळू, जरा पाय लावा बघू! सासूबाईंना घेऊन खाली उतरतोय. त्या एकट्या असत्या तर ब्रेकचं एवढं मनावर घेतलं नसतं, पण बायकोही आहे."

मागून म्हातारीचा आवाज आला, "ऐकू येतंय हो मला, जावईबापू!"

सगळे हसले. टॅक्सीवाल्याने किल्ली फेकली. मिस्त्रींनी ती झेलली. हात अजून तरबेज होता.

मास्तरीण उठून उभी राहिली. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं, आणि ते चारचौघांत बोललं की बापाचं काय उरेल, हेही तिला दिसत होतं. न बोललं तर गाडीत म्हातारी होती, मुलं होती, आणि पुढे तो उतार. तिने एक पाऊल पुढे टाकलं.

"काका, आज मी—"

"तू? मास्तरीणबाई, शिकवा तुम्ही. इथे पायाळूचा शब्द चालतो." टॅक्सीवाला मिस्त्रींकडे वळला. "घाईत आहे हो. चक्कर नाही मारलीत तरी चालेल. नुसतं 'जा' म्हणा, की सुटलो."

मिस्त्रींनी किल्ली तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. लहान मुलगा खिडकीतून त्यांच्याकडे बघत होता. त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले. टॅक्सीवाला त्या एका शब्दासाठी हसत थांबला होता. गाडीचं दार उघडंच होतं.

मिस्त्री मुलीकडे गेले. तिचा हात धरला, त्यात किल्ली ठेवली, आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

मग टॅक्सीच्या पुढून, म्हातारीच्या खिडकीवरून, कुणाकडेही न बघता, ते गॅरेजच्या बाहेर निघून गेले.