राऊतबाईंची मायनर सकाळी का रुसायची

"तुम्ही फक्त एवढंच सांगा, की गाडी आता होणार नाही. आई तुमचं ऐकेल."

फोनवर मंदार राऊत होता, पुण्याहून. मी तेव्हा एका कंपनीच्या बसखाली आडवा होतो. बोईसरला एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून मी बसगाड्या आणि टेम्पो दुरुस्त करतो. हौस म्हणून जुन्या गाड्याही घेतो. हौशीतून मिळतात फक्त असे फोन.

"गाडी होणार की नाही हे मलाच अजून कळायचंय," मी म्हणालो.

"कळून काय करायचंय? गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे. आई सत्तरीच्या पुढे गेलीय. परवा ती बंद गाडी घेऊन रस्त्यात उभी होती, मागे एसटी हॉर्न मारतेय, आणि हे सगळं मला कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर बघायला मिळालं. मी शनिवारी येतोय. सोबत एक गिऱ्हाईक आहे. केळव्याला बीचजवळ त्यांचं रिसॉर्ट आहे."

"चालवायला हवीय त्यांना?"

"छे. लॉनवर उभी करायला. सेल्फी पॉइंट. बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार म्हणाले."

मी बसखालून बाहेर आलो. असं ऐकल्यावर आडवं राहवत नाही.

गाडी होती मॉरिस मायनर. इंग्रजांची छोटी गाडी. दुसरं महायुद्ध संपल्यावर कारकून, नर्स, शाळामास्तर अशा माणसांसाठी काढलेली. तयार होत आली तेव्हा लक्षात आलं, की ती जरा अरुंद वाटतेय. मग तिला उभी मधोमध कापली आणि चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मधून एक सपाट पट्टी जाते, ती त्या कापाकापीची खूण. गोल डोळे, फुगीर गाल, दोनच दारं. वळायचं झालं की दारामागच्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर येतो. बोईसरच्या नाक्यावर तो हात दिसला की रिक्षावाले चक्क थांबतात. नियम म्हणून नव्हे, फोटो काढायला.

मंदारच्या वडिलांनी, राऊतसरांनी, ती डहाणूच्या एका चिकूबागवाल्या इराण्याकडून घेतली होती. सर गेल्यावर ती बाईंकडे आली. राऊतबाई पालघरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायच्या. वर्गात खडू फेकायच्या आणि तो लागायचा. अजूनही मला "अरे अविनाश" अशीच हाक मारतात, आणि अजूनही मी उठून उभा राहतो.

पण मंदारला वाटत होतं तशी ही नुसती आईची हौस नव्हती. केळव्याला बाईंच्या शेजारी राहणाऱ्या हिराबाईला दिवाळीआधी अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात आणि पाय गेले. हिराबाई कोळीण, जन्मभर सुकी मासळी विकलेली. बाईंची आणि तिची मैत्री मासळीच्या टोपलीवर वाद घालता घालता झालेली. पालघरच्या फिजिओथेरपीवाल्याने तिला एक दिवसाआड सकाळी आठची वेळ दिली होती. रिक्षात तिला तोल सांभाळता येत नव्हता आणि एसटीची पायरी चढता येत नव्हती. मायनरची सीट मात्र खाली आणि दार लांबरुंद. हिराबाई आधी बसायची, मग पाय आत घ्यायची. आता खंड पडला तर हात आहे तसाच राहील, असं फिजिओवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे गाडी लॉनवर गेली की हिराबाईचा हातही गेला.

आता तक्रार काय होती? सकाळी गाडी स्टार्ट व्हायची. उभ्या उभ्या चालायची. ॲक्सिलरेटर दिला की खोकायची, काळा धूर सोडायची आणि गावाबाहेरच्या वळणावर बंद पडायची. मग बघे जमायचे, सल्ले द्यायचे, बॉनेट उघडायचं. वीसेक मिनिटांनी गाडी आपोआप शहाण्यासारखी चालू. जमलेल्यांपैकी प्रत्येकाला वाटायचं, आपल्यामुळेच चालू झाली.

बाई ती घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या भर दुपारी. पालघर ओलांडून, कोळगावच्या कलेक्टर कचेरीसमोरून, न थांबता. गाडी घड्याळासारखी चालत होती.

"बाई, हिला काही झालेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

मी लगेच बॉनेट उघडलं. प्लग साफ केले. पॉइंट घासले. पॉइंट म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा छोटासा खटका. पेट्रोलचा पंप तपासला. मायनरचा पंप इलेक्ट्रिकवर चालतो आणि टिकटिक वाजतो, त्यामुळे त्याची तब्येत कानाने कळते. तोही ठणठणीत. नव्या गाड्यांना मी लॅपटॉप लावतो, तो सांगतो कुठे दुखतंय. मायनरला लॅपटॉप लावायची जागाच नाही. ती विचारल्यावर सांगणाऱ्यांतली नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्याच वळणावर बंद पडली. व्हिडिओ झाला तो तेव्हाच.

मग मी गाडी रात्रभर गॅरेजला ठेवून घेतली. म्हटलं, सकाळचा आजार आहे, तर सकाळी बघू. गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून लावली. पहाटे माझ्या इलेक्ट्रिशियनचा, रामसूरतचा, फोन आला.

"सेठ, गाडी तो एक सेल्फ में उठ गई. पूरा चक्कर मारके आया. मक्खन है."

मक्खन! मी कपाळाला हात लावला. दवाखान्यात आल्यावर ताप उतरणारी पोरं असतात, तसलं हे प्रकरण. त्याच दिवशी मंदारचा तो फोन. शनिवारला आता फार वेळ नव्हता.

विचार करत मी त्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो आणि जरा वेळाने लक्षात आलं, की आपल्याला छान वाटतंय. का छान वाटतंय? कारण भिंत गरम आहे. पलीकडे कापड रंगवायचा कारखाना, आणि त्याचा बॉयलर नेमका या भिंतीमागे. थंडीत रात्रपाळीची माणसं चहा पिताना इथेच येऊन टेकतात. गल्लीतली सगळी कुत्री इथेच झोपतात. आणि मी बाईंची गाडी रात्रभर इथेच शेकत ठेवली होती.

म्हणजे गाडीला थंडी बाधत होती. आता थंडीत नेमकं काय अडतंय ते गाडीच्या घरी जाऊनच बघायला हवं होतं. गाडी मी बाईंकडे पोचवली, आणि गुरुवारी पहाटे बाइक काढून केळव्याला गेलो. बाईंच्या वाडीत नारळ आणि सुपारी इतकी दाट आहे, की ऊनसुद्धा तिथे उशिरा येतं. थंडी मात्र वेळेवर. हिराबाई शाल गुंडाळून ओट्यावर तयार बसली होती.

"मेकानिक आला," ती म्हणाली. "आज तरी जायला मिलंल का आमाला?"

"बघतो."

"बघायला सगलेच येतात."

बाईंनी गाडी चालू केली. चालू झाली. "आता द्या ॲक्सिलरेटर," मी म्हणालो. खोक, खोक, धूर, बंद. इतका आनंद मला कुठलीही गाडी बंद पडल्यावर झालेला नाही.

मी थेट कार्बोरेटरकडे वळलो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं यंत्र. या गाडीच्या कार्बोरेटरवर एक छोटी घुमटी असते आणि तिला पितळी टोपी. आत एक पिस्टन असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो वर उठतो आणि जास्त हवा आत सोडतो. तो एकदम उसळू नये, सावकाश उठावा, म्हणून घुमटीत चमचाभर पातळ तेल घालतात. ऑफिसच्या दाराला क्लोजर असतो ना, दार धाडकन आपटू नये म्हणून? तेच काम.

मी पितळी टोपी फिरवली. वर ओढली. येईना. जोर लावला तेव्हा टोपीखालची दांडी बाहेर आली, आणि दांडीला चिकटून आला एक पांढराशुभ्र गोळा. मी वास घेतला. मग बाईंकडे बघितलं.

"बाई, यात तेल कुठलं घातलंय?"

"घरचं. आपल्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. सरांचा तेलाचा डबा संपला होता. शिलाई मशीनला तेच घालते, बिजागऱ्यांना तेच, हिराच्या हाताला तेच चोळते. कुणाची तक्रार नाही."

"घातलंत कधी?"

"गणपतीच्या आधी. आणि दिवाळीपर्यंत गाडी उत्तम चालली. तेव्हा तेलावर ढकलू नकोस."

"बाई, खोबरेल तेल थंडीत..."

बाईंनी हात वर केला. वर्गात गप्प करायला करायच्या तसाच. बाई त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत राहिल्या.

"द्रवणांक," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"सातवीला मीच शिकवलाय तुम्हाला."

"प्रयोगासकट. खोबरेल तेलावरच."

बाई मटकन ओट्यावर बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो, पण जरा बेतानं, कारण आमच्या घरची खोबरेलाची बाटली त्याच आठवड्यात बायकोने मला उन्हात ठेवायला लावली होती. ती ठेवतानाही माझी ट्यूब पेटली नव्हती. सगळा उलगडा आता झाला. सकाळी तेल गोठलेलं, म्हणून पिस्टन अडकलेला. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर. बंद पडून उभी राहिली की तापलेल्या इंजिनच्या धगीने तेल वितळायचं आणि गाडी मोकळी. जमलेल्या बघ्यांचा त्यात काडीचाही हात नव्हता.

"काय झालं काय?" हिराबाईने विचारलं. बाईंनी सांगितलं. हिराबाईने क्षणभर विचार केला.

"तेल वाईट नाय, बाई," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "गाडीला केस नाय, एवढंच."

मी घुमटी पेट्रोलने धुतली, पातळ इंजिन ऑइल घातलं. दहा मिनिटांचं काम. गाडी खोकली नाही. बाई आणि हिराबाई वेळेवर पालघरला गेल्या.

पण शनिवार अजून बाकी होता. मंदार सकाळी गिऱ्हाइकाला घेऊन आला. मी मुद्दाम हजर होतो. रिसॉर्टवाले शेठ गाडीभोवती फिरले, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "यात शेवंती मस्त दिसेल."

"आई, तेलाचं मला कळलं," मंदार म्हणाला. "पण आज ते तेल आहे, उद्या आणखी काही असेल. तू एकटी रस्त्यात उभी राहतेस आणि मी पुण्यात. मला झोप लागत नाही गं."

हे तो खरं बोलत होता. त्याचा राग गाडीवर नव्हताच.

बाईंनी वाद घातला नाही. "मागे बस," त्या म्हणाल्या. "शेठ, तुम्हीही बसा. माल बघून घ्यावा."

दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट वाकवून आत शिरायचं. उंच मंदार आणि रुंद शेठ आत शिरले आणि गुडघे हनुवटीला लावून बसले. पुढे हिराबाई. मी बाइकवर मागे. ते वळण आलं आणि गेलं. वाटेतलं माहीम गाव आलं आणि गेलं. पिवळा हात बाहेर काढून बाईंनी गाडी दवाखान्यासमोर लावली.

मागच्या दोघांना पुढची सीट रिकामी झाल्याशिवाय बाहेर पडता येईना. मंदारने आतूनच हात पुढे केला. "मावशी, थांबा, मी धरतो."

"नको. तू नुस्ता बघ."

हिराबाईने आधी पाय बाहेर ठेवले. मग डावा हात उचलला. सावकाश, थरथरत, पण उचलला. दाराची वरची कड धरली आणि उभी राहिली. मंदार मागच्या सीटवरून मान पुढे काढून बघत होता. शेठसुद्धा.

"दिवालीला ह्यो हात मांडीवरून हालत नव्हता," ती म्हणाली. "तुज्या आईनं हलवला. तिच्या गाडीनं."

मंदार बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते. पँट झटकायचं निमित्त करून तो जरा वेळ खाली बघत राहिला. मग शेठकडे वळला. "सॉरी. गाडी द्यायची नाही."

शेठ रिक्षाने परत गेले. त्यांच्या लॉनवर आता एक मोडकी होडी आहे आणि लोक तिच्यात बसून कोरड्यावर वल्ही मारतात.

मी मात्र धंद्यात एक सवय लावून घेतली. नव्या गिऱ्हाइकाला काय बिघडलंय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कधी आणि कुठे बिघडते? मग त्या वेळी, त्या जागी जातो. गाडी गॅरेजला आणली की ती पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी वागते.

मंदारचा अजून अधूनमधून फोन येतो. "गाडी कशी आहे?" विचारतो. मी सांगतो, "बाई मजेत आहेत." तो "बरं" म्हणतो आणि फोन ठेवतो. गाडीचं त्याने अजून एकदाही पुढे विचारलेलं नाही.