वेणूच्या अंगणातलं भजन

गुरुवार होता, आणि आमचं भजन देवळात नव्हतं...

साठचं दशक निम्मं सरलं होतं. माझं माहेर माकुणसारचं, नवरा शाळामास्तर. लग्नानंतर लगेच त्यांची बदली तारापूर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या घरांतली नातवंडं आज तिथेच राहतात.

मला पेटी वाजवता यायची, म्हणून बायकांच्या भजनी मंडळात जागा मिळाली. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात आम्ही आठ-नऊ जणी. म्होरकी काशीबाय... मासळी विकून विकून आवाज फाटलेला, पण टाळ पक्का.

त्या हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. दोन लेकरं गेली. गावच्या भगताने तांदूळ टाकून कौल काढला आणि वेणूचं नाव घेतलं... भुताळी, करणी करणारी.

वेणू एकटी विधवा. गावाच्या टोकाला, सुरूच्या झाडांपाशी तिची झोपडी. ती पाण्याला निघाली की वाटेवरचं एकेक दार बंद व्हायचं. घरात बसून नुसत्या कड्यांच्या आवाजावरून मला कळायचं, वेणू आता कुठवर आलीय ते. खट्... मग पुढचं खट्...

मग विहिरीवर तिचं पाणीच बंद केलं. होळीच्या आत तिने गाव सोडलं नाही तर झोपडी पेटवायची, असं ठरल्याची कुजबुज होती.

त्याच आठवड्यात, आरती झाल्यावर काशीबाय म्हणाली, “फुडच्या गुरवारी भजन वेणूच्या अंगनात.”

एकीने तोंड उघडलं, “काशीबाय, घरात ल्हान पोरं हायत. आमाला भ्या वाटतं.”

“मना नाय वाटत? माजा नातू तापानं पडलाय,” काशीबाय टाळ पुसत म्हणाली. “भ्यायचं तर भ्या, पन चला. एकटीचा कोन आयकतो? सगळ्या मंडळाला बसलेला बघून काडी लावनाऱ्याचा हात थांबेल.”

तिने तिथेच कामं वाटली. दोघींनी रोज वेणूबरोबर विहिरीवर जायचं. एकीने सकाळी तिच्या दारात बसायचं. मास्तरांकरवी सरपंचांच्या कानावर घालायचं काम माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी दोघी मंडळातून गळाल्या... उरलेल्या राहिलो.

आणि तो गुरुवार आला. दिवेलागणीला आम्ही पेटी, टाळ घेऊन निघालो आणि पहिलं दार लागलं. खट्. मग पुढचं. वाटेवर वेणू नव्हती... त्या कड्या आमच्यासाठी लागत होत्या.

अंगण झाडून ठेवलेलं होतं, पण वेणू बाहेर आली नाही. दार अर्धं उघडं, आत काळोख, आणि त्यात ती बसली आहे एवढंच जाणवत होतं. वारा पडलेला. ओहोटीने समुद्र लांब गेलेला, त्याचाही आवाज नाही. आम्ही गायला लागलो, पण आमचेच आवाज आम्हाला परके वाटत होते.

दुसऱ्या अभंगाच्या मधेच काहीतरी ऐकू आलं. बारीक कण्हणं... सुरूच्या झाडांतून. आम्ही गाऊ लागलो की बुडायचं, थांबलो की पुन्हा. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. शेजारची रडायला लागली. काशीबाय मात्र झाडांकडे बघत टाळ वाजवत राहिली.

झाडांतून हिरू बाहेर आली. काशीबायचीच सून. केस मोकळे, खांद्यावर तापाने कण्हणारं पोर. ती थेट वेणूच्या उंबऱ्याशी गेली. “काडून घे तुजा काय हाय ते! माज्या पोराला सोड!”

आतून वेणूचा आवाज आला. कित्येक दिवसांत तिला बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. “मी काय काडू गं बाय... माज्याकडं कायसुदा नाय.”

काशीबाय उठली. सुनेवर रागावली नाही. “पोराला दवाखान्यात न्यायचा. आता. वेणू, तू पन ऊठ. तुला हितं एकटी ठेवून आमी जानार नाय.”

तेव्हा अणुकेंद्राचं बांधकाम चालू होतं. रस्त्यावर बोईसरकडे जाणारा खडीचा रिकामा ट्रक मिळाला. ड्रायव्हर परमुलखातला, त्याला भुताळी काय ठाऊक... “बैठो अम्मा, जल्दी,” एवढंच म्हणाला.

मागे आम्ही चौघी... काशीबाय, हिरू, वेणू आणि मी. ट्रक उसळत होता, हिरूला पोर सावरत नव्हतं. एका धक्क्यासरशी तिने पोर वेणूच्या मांडीवर ठेवलं... विश्वासाने, की भगताचं ऐकून, वेणूनेच करणी काढून घ्यावी म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

पोराला काही झालं असतं तर गावाने वेणूला जिवंत ठेवलं नसतं. हे तिलाही कळत होतं. तरी तिने त्याच्या डोक्यावर पदर ओढून धरला, तो थेट दवाखान्यापर्यंत.

पोर वाचलं. डॉक्टरांनी सुया दिल्या, थोडे दिवस ठेवून घेतलं.

गावात मात्र भलतंच पसरलं... वेणूने आपली करणी मागे घेतली! म्हणून झोपडी वाचली. मी चिडले. हे खोटं आहे, सांगायला नको का, असं काशीबायला म्हटलं. ती बोंबील निवडत होती. “म्हनू दे आता. बाई जित्ती हाय ना? बाकीचा हलूहलू.”

ते हळूहळू म्हणजे पुढचं वर्षभर. दर गुरुवारी भजन वेणूच्या अंगणात. गळालेल्या दोघी परतल्या. मग खोबऱ्याच्या तुकड्यासाठी पोरं कुंपणापाशी आली, मग कुंपणाच्या आत. आमची बदली झाली तोवर वेणू आमच्यात बसून टाळ धरू लागली होती... जरा बेतालच.

सगळ्यांच्या मनातलं गेलं का? नाही. काही म्हाताऱ्या तिच्याकडे पाठ करूनच बसत. पण बसत तिच्या अंगणात.

देवळात मी आजही जाते. हात जोडले की देवाच्या आधी काशीबाय आठवते.